मधले अकरा फर्मे

माझ्या हातचं पुस्तक कुणी परत आणलं, असं एकेचाळीस वर्षांत झालं नाही. शाळा चौथीत सुटली, पण सुई-दोरा हातात आला तो कधी सुटला नाही. वकिलांची बाडं, दवाखान्यांच्या नोंदवह्या, चर्चमधली गीतांची पुस्तकं, सगळं माझ्या हाताखालून गेलं. बाईंचं तोंड फाटकं पण शिलाई पक्की, असं लोक म्हणायचे. मला त्यात वावगं काही वाटलं नाही.

आमच्या घराला खाली कारखाना आणि वर दोन खोल्या. खाली मी आणि सूनबाई फर्मे शिवतो. फर्मा म्हणजे एका मोठ्या कागदाच्या घड्या घालून झालेली सोळा पानं. असे फर्मे एकावर एक शिवत गेलं की पुस्तक होतं. मुलगा पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरं उठवतो. पितळी टाइप तापवायचा, वर्ख ठेवायचा आणि एका दाबात अक्षर बसवायचं. हात असा की रेघ केसाएवढी हलत नाही. एकुलता एक आहे, बेचाळीस वर्षांचा. वडिलांची साखर त्याला वारशात मिळाली. दोन महिन्यांपूर्वी तापलेला टाइप त्याच्या पायावर पडला आणि त्याला कळलंच नाही. चामडं जळाल्याचा वास आला म्हणून पुठ्ठा उलटा-सुलटा करून बघत बसला.

त्या सोमवारी सकाळी डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोडली. दोन बोटं काळी, तळवा जांभळा. त्यांनी पेनानं त्याच्या नडगीवर आडवी रेघ ओढली.

"इथून," त्या म्हणाल्या. "गुडघा वाचतो. गुडघा वाचला की नकली पाय चांगला चालवता येतो. उद्या सकाळी करून टाकू."

"आणि नाही केलं तर?" मुलानं विचारलं.

"तर ही रेघ वर सरकेल. मग एक दिवस रेघ ओढायला जागाच राहणार नाही."

मुलगा हसला. लहानपणी उत्तर पाठ असलं की असाच हसायचा. "मला उत्तर मिळालंय, डॉक्टर. पाय राहणार आहे."

"कुणाकडून मिळालं?"

"वरून."

"वरच्या मजल्यावर हाडांचा विभाग आहे. त्यांनी दिलं असेल तर कागद दाखवा."

सूनबाई हसली नाही. मीही नाही. सही त्याचीच लागणार होती. शुद्धीतल्या माणसाच्या जागी आईची किंवा बायकोची सही चालत नाही, हे मी दोनदा विचारून घेतलं. दुसऱ्यांदा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, चालत असती तर मी तुमचा हात धरून करून घेतली असती."

पुढचं समजायला एक गोष्ट ठाऊक हवी. सात वर्षांपूर्वी ह्यांचाही पाय असाच कापला होता. हे नको नको म्हणत होते. मीच खाटेशी उभी राहून सही करायला लावली. मला सगळं कळतं असं तेव्हा मला वाटायचं. एकविसाव्या दिवशी हे गेले. मुलगा त्याबद्दल मला एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

घरी आल्यावर त्यानं मला वरच्या मागच्या खोलीत नेलं. वर्षभर ती खोली तो बंद ठेवायचा. आत टेबलावर ते जुनं हिब्रू पवित्र शास्त्र उघडं होतं. निवृत्त पाळकसाहेबांनी चर्चच्या माळ्यावरून काढून ते बांधायला दिलं होतं. बांधून झालं तरी पुठ्ठा वाळतोय, सोनं बाकी आहे, अशा सबबी सांगून मुलानं ते ठेवून घेतलं होतं. भिंतीवर एक मोठा पुठ्ठा. त्यावर हिब्रूची बावीस अक्षरं सळईनं कोरून त्यानं सोन्यात भरली होती, उजवीकडून डावीकडे, आणि प्रत्येकाखाली आपल्या भाषेत अर्थ.

"ह्या लोकांचं अक्षर म्हणजे नुसता आवाज नाही, आई. प्रत्येक अक्षर म्हणजे एक वस्तू. पहिलं बैल. दुसरं घर. तिसरं उंट, चौथं दार."

"एवढी जनावरं बाळगून देवाला सांगायचंय तरी काय?"

"चेष्टा कर. शब्द देवानं सगळ्यांसाठी लिहिले. अक्षरांत ठेवलंय ते शोधणाऱ्यासाठी."

पाय खुर्चीवर ठेवून, घाम पुसत त्यानं मला सगळं समजावलं. पहिल्या पानापासून दर सातवं पान काढायचं. त्यातलंही दर सातवं. त्या पानाच्या माथ्यावरचं पहिलं अक्षर घ्यायचं. अशी वीस अक्षरं निघाली. ती त्यानं वीस चिठ्ठ्यांवर लिहून मांडली होती. सुरुवातीची आठ वडिलांची, शेवटची आठ घराची, मधली चार त्याची. वडिलांच्या चिठ्ठ्यांत मासा होता आणि त्याच्या लगेच पुढे गळ.

"बघ," तो म्हणाला. "ते लिहिलेलंच होतं. तुझा काही दोष नव्हता."

सात वर्षांत तो त्यावर बोलला तो हा असा.

"आणि ही माझी. हात, पाणी, कुंपण, टेकू. देवाचा हात, पाण्यानं धू, रोगाला कुंपण पडेल, टेकू राहील. टेकू म्हणजे पाय, आई. आणखी काय असणार?"

म्हणून तो दिवसातून सात वेळा पाय धूत होता. आणि मी सूनबाईला ओरडत होते की बादल्या का संपतात.

"तुला हिब्रू वाचता कुठे येतं?"

"वाचायचं नसतंच. ज्यांना वाचता येतं ते शब्दांत अडकून पडतात."

"एखादं पान मागंपुढं झालं असेल तर?" मी विचारलं.

तो माझ्याकडे बघून पुन्हा तसाच हसला. "तुझ्या हातच्या पुस्तकात? दुसऱ्या कुणी बांधलं असतं तर मी मोजायला बसलोच नसतो."

मी खाली आले आणि खळीचं भांडं ढवळत बसले. खळ गार होऊन गोळा झाली तरी ढवळत होते.

झालं होतं असं. ते पुस्तक आलं तेव्हा सगळं सुटं होतं, बासष्ट फर्मे. ओलीनं पानांचे माथे आणि पायथे कुजलेले. पानांचे आकडे, फर्म्यांच्या खुणा, सगळं त्यातच गेलेलं. कुजका भाग मी यंत्रावर कापून टाकला. फर्मे ज्या क्रमानं आले त्या क्रमानं ढीग लावून ठेवला होता. सूनबाई केर काढत असताना तिचा कुंचा टेबलाच्या पायाला लागला आणि ढीग मधूनच कोसळला. मी तिला बोलायचं ते बोलले, मग फर्मे जुळवायला बसले. कसर पानं खाते तेव्हा सरळ भोक पाडत जाते, एका फर्म्यातून दुसऱ्यात. भोकाला भोक जुळवत गेलं की क्रम लागतो. भाषा यायची गरज नाही. वरचे फर्मे तसे जुळले, खालचे जुळले. मधल्या अकरांना कसर लागलेलीच नव्हती. ते अकरा मी अंदाजानं लावले. डागावरून, कागदाच्या रंगावरून, खरं तर माझ्या मनावरून.

पाळकसाहेबांना हाक मारली असती तर त्यांनी वाचून लावून दिले असते. पुस्तक देताना ते म्हणालेही होते, "वहिनी, अडलं तर बोलवा." आणि मी म्हटलं होतं, "पुस्तक तुमच्या देवाचं असेल, शिलाई माझी आहे. माझं अडत नाही." एवढं बोलून झाल्यावर कशी हाक मारणार? मी शिवलं. कुणाला कळणार होतं?

मंगळवारी शस्त्रक्रियेची वेळ आली तशी गेली. मी दिवसभर कारखान्यात होते. काही बोलले नाही. मुलाच्या चेहऱ्यावर वर्षात पहिल्यांदा उजेड दिसत होता, तो मी घालवू? आणि माझ्या तोंडानं सांगू की तुझी आई अंदाजानं शिवते? दोन्हीतलं कुठलं कारण मोठं होतं ते मला ठाऊक आहे. लिहायला बरं वाटत नाही, पण दुसरंच.

बुधवारी सकाळी सूनबाई बादली घेऊन खाली आली. नाकाला फडकं बांधलेलं.

"वास जिन्यापर्यंत येतो आता," ती म्हणाली. "ताप आहे. मला वाटतं तो वाढतोय."

"डॉक्टरांना फोन कर."

"केला. त्या म्हणाल्या, असंच राहिलं तर शनिवारपर्यंत जाईल. माणूस आणा, सही आणा, मग बोला." ती बादली ठेवून माझ्या समोर बसली. "आई, त्या मधल्या चार चिठ्ठ्या ना. त्या आपल्या त्या अकरा फर्म्यांतल्या आहेत. मी पानं मोजून बघितली."

मी सुईत दोरा ओवत राहिले. जाईना.

"तुम्ही सांगता का मी सांगू?"

"ढीग कुणी पाडला होता?"

"मी पाडला. ते मी आत्ता वर जाऊन सांगते. पण लावला कुणी, हे विचारल्यावर मी खोटं बोलणार नाही. चौदा वर्षं तुमचं ऐकून घेतलं आई, आज नाही ऐकणार."

माझ्याशी त्या घरात असं कुणी बोललं नव्हतं. मी उठले.

वर जाऊन मी त्याला सगळं सांगितलं. उभ्यानं सांगितलं, बसले असते तर गाळलं असतं. तो उशीला टेकून ऐकत होता, डोळे तापानं चकाकत होते.

"म्हणजे हे पुस्तक चुकीचं आहे," तो म्हणाला.

"मधलं. अकरा फर्मे."

"आणि तू मला सोमवारी विचारलंस, पान मागंपुढं झालं असेल तर. तुला ठाऊक होतं."

"हो."

"आज बुधवार आहे."

"हो."

मला वाटलं तो आता ओरडेल, पुस्तक भिरकावेल, आणि मग सही करेल. त्यानं भिंतीवरच्या सोनेरी अक्षरांकडे बघितलं. मग म्हणाला, "नीट शिव. बरोबर क्रमानं. मी पुन्हा मोजतो. जे येईल ते मान्य. काप आलं तर काप."

"नुसते फर्मे लावून देते, लगेच मोज. शिवायला दिवस जाईल."

"सुटे फर्मे म्हणजे पुस्तक नव्हे. हे तूच शिकवलंस." खरंच मी शिकवलं होतं. दहा वर्षांचा असताना, हातावर फटका मारून.

पाळकसाहेब दुपारी आले. सत्तरीच्या पुढचे, ह्यांचे बुद्धिबळातले भिडू. एका काखेत जाड शब्दकोश, दुसऱ्या काखेत आपल्या भाषेतलं पवित्र शास्त्र. मी शिलाई उसवून अकरा फर्मे त्यांच्यापुढे मांडले आणि अंदाजानं लावल्याचं कबूल केलं. त्यांनी मला टोमणा मारला नाही. मारायला हवा होता.

ते एकेक ओळ बोटानं चाचपत वाचू लागले. वाचता वाचता घामेजले. "चाळीस वर्षं झाली, वहिनी. तेव्हाही शेजारच्याचं बघून पास झालो होतो."

"देवाच्या परीक्षेत?"

"देवाच्याच परीक्षेत जास्त चालतं ते."

चौथा फर्मा लागला तेव्हा मी दार लोटून घेतलं आणि हळूच म्हटलं, "साहेब, मला एक सांगा. हे अकरा असे नाही लावता येणार का, की त्याच्या चिठ्ठीत काप असं येईल? तुम्ही फक्त फर्मा दाखवा. शिवते मी."

त्यांनी चष्मा काढला.

"पाप माझ्या नावावर घ्या," मी म्हटलं. "माझ्याकडे बरंच आहे, त्यात कळणार नाही."

"मलाही हे सुचलं होतं," ते म्हणाले. "तुम्ही दार लोटलंत तेव्हा मी तेच शोधत होतो. पण काप असं कुठलंच अक्षर नाही, वहिनी. शस्त्र आहे, दात आहे, गळ आहे. ते कुणाला लागणार हे वाचणाराच ठरवतो. मी काहीही लावलं तरी तो पायच वाचवणार."

"मग तुम्ही त्याला सांगा."

"सांगितलं सहा महिन्यांपूर्वी. तो म्हणाला, साहेब, तुम्हाला शब्द येतात, म्हणून तुम्हाला दिसत नाही."

संध्याकाळपर्यंत अकराच्या अकरा फर्मे लागले. माझ्या अंदाजातले दोनच जागेवर होते.

गुरुवारी सकाळी उजेड झाल्याबरोबर शिवायला बसले. सूनबाई मेण लावून दोरा देत होती आणि मधून मधून वर जाऊन येत होती. ताप एकशे तीन. मग त्याच्यावर. हात चालत नव्हते. एकेचाळीस वर्षांत सुई माझ्या बोटात गेली नव्हती, त्या दिवशी तीनदा गेली. फडक्यानं रक्त पुसायचं आणि पुन्हा टाका. मी प्रार्थना केली का? केली. पण कुणाला काय सांगायचं ते सुचेना, म्हणून टाकेच मोजले.

सरस वाळायला थांबले नाही. दुपारी ओलं पुस्तक वर नेलं. मुलाला धरून बसवावं लागलं. पण मोजताना चुकला नाही. सातवं, त्यातलं सातवं. पहिल्या आठ चिठ्ठ्या तशाच आल्या. मग नववी. दहावी. अकरावी. बारावी. त्यानं त्या नव्यानं लिहिल्या आणि चादरीवर मांडल्या.

शस्त्र. डोकं. दार. दात.

सूनबाईनं माझा दंड घट्ट धरला. त्याचा चेहरा पांढरा झाला होता. मला वाटलं, आता. आता कळलं त्याला.

मग त्याच्या गालावर रंग परत येऊ लागला.

"शस्त्र डोक्यावर येईल," तो हळूहळू म्हणाला. "पण दारातच थांबेल. आत येणार नाही. दात म्हणजे वैऱ्याचे. ते मोडतील." त्यानं माझ्याकडे बघितलं. "पाय राहणार आहे, आई. तेच आलं. चुकीच्या पुस्तकातही तेच होतं, बरोबर पुस्तकातही तेच आलं."

मी चिठ्ठ्या गोळा केल्या. जुन्या चार बुधवारीच त्याच्या टेबलावरून उचलून मी कमरेला खोचल्या होत्या, त्याही काढल्या. सगळ्या आठ ओंजळीत हलवल्या आणि त्याच्या मांडीवर टाकल्या.

"वाच."

"असं नसतं करायचं."

"वाच म्हणते. कुठल्याही चार घे."

त्यानं घेतल्या नाहीत. पण डोळे फिरत होते. मला दिसलं, डोळे आपोआप फिरत होते. पाणी, दार, टेकू, दात. ओठ हलले. मग ओठ थांबले.

"काय आलं?" मी विचारलं.

त्यानं चिठ्ठ्यांवरून नजर काढली.

"पाय राहील असंच आलं ना? मी वर्षभर चुकीचं पुस्तक तुझ्यापुढे ठेवलं तरी तेच. रक्त सांडून बरोबर शिवलं तरी तेच. आता ओंजळीतून पडलं तरी तेच. मग त्या पुस्तकाला कशाला त्रास दिलास? मला विचारायचंस, मीही तेच म्हटलं असतं. मलाही पाय राहायला हवाय, राजा."

त्यानं चिठ्ठ्यांवर हात ठेवला. पाच-सहा वर्षांचा असताना ताप आला की असाच दिसायचा.

"मग मला सांगणार कोण?" तो म्हणाला. "बाबांनी सही केली आणि गेले. मी सही केली की मी पण जाणार, एवढंच मला माहीत आहे. दुसरं काहीतरी कुणीतरी सांगायला हवं ना."

सूनबाई रडायला लागली होती. मी काहीही म्हणू शकले असते. काही होणार नाही, मी आहे, डॉक्टर चांगल्या आहेत. ह्यांना मी हेच सगळं म्हटलं होतं, अगदी ह्याच सुरात.

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

"जगेन का?"

"माहीत नाही. कापलं नाही तर परवापर्यंत जाशील, हे डॉक्टरीणबाई म्हणतात, मी नाही. कापलं तर काय होईल ते मला खरंच माहीत नाही. बाबांच्या वेळी माहीत आहे असं सांगितलं होतं. खोटं सांगितलं होतं."

मला वाटतं, जन्मात पहिल्यांदा त्यानं माझ्या तोंडून हे शब्द ऐकले. मग त्यानं डोळे मिटले आणि बायकोला म्हणाला, "गाडी बोलव."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी चादर उचलली आणि पेन काढलं. सोमवारची रेघ अजून नडगीवर पुसट दिसत होती. नवी रेघ त्यांनी गुडघ्याच्या बरीच वर ओढली. मुलानं सही केली. इतक्या सुंदर हाताचा माणूस, पण सही ओळखू येईना. "हीच का?" त्यांनी विचारलं. "हीच," तो म्हणाला. "हात थरथरतोय, मत नाही."

शुक्रवारी सकाळी त्याला आत नेलं. आम्ही दोघी बाकावर. पाळकसाहेब आले, शेजारी बसले. सूनबाईनं माझ्या बोटाचं फडकं सोडून दुसरं बांधलं. ती म्हणाली, "आई, ताप रक्तात गेला असेल तर?" मी म्हटलं, "माहीत नाही." दुसऱ्यांदा ते म्हणायला सोपं गेलं, पण चांगलं वाटलं नाही.

दुपारी दोनला त्याला खोलीत आणलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाय काढला, रक्तातलं विष अजून गेलं नाही, दोन दिवस काही सांगता येणार नाही. संध्याकाळी त्यानं डोळे उघडले. ओठ सुकलेले होते. सूनबाईनं कापसानं भिजवले.

"कुठून?" त्यानं मला विचारलं.

तिनं माझ्याकडे बघितलं, सांगू नका असं. मी उठले आणि माझ्या मांडीवर हात आडवा ठेवून दाखवला.

त्याला नीट दिसेना. मी खाटेच्या आणखी जवळ गेले आणि हात तसाच ठेवला.

"जास्त गेला," तो म्हणाला.

"तीन दिवसांचा जास्त गेला. त्यातला एक अख्खा दिवस माझा."

त्यानं तोंड भिंतीकडे वळवलं. भिंत कोरी होती. मी हात मांडीवरून काढला नाही, तो पुन्हा इकडे वळेल म्हणून तशीच उभी राहिले.